अर्ध्या सेकंदासाठी रात्रभर फिरलेली हार्ड डिस्क

मागच्या आठवड्यात माझी एक हार्ड डिस्क मुंबईहून कोल्हापूरला आली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, ज्वारीच्या पोत्याशेजारी. सकाळी सहाला स्टँडवर जाऊन उभा होतो, जणू पाहुणाच येणार होता.

कारण काय? एका मराठी सिनेमाच्या एडिटरनं चाळीसेक शॉट थोडे थोडे लांबवले. कुठं अकरा फ्रेम, कुठं वीस. अकरा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंदसुद्धा नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी कंपोझिटिंग करतो. हिरव्या पडद्यासमोरचा नट उचलून गडाच्या तटावर उभा करायचा, शिवकाळातल्या प्रसंगामागं दिसणारा मोबाइल टॉवर पुसायचा, असली कामं. चांगलं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि चुकलं तर थेटरात पोरं हसतात.

आता गंमत बघा. त्या सगळ्या शॉटचं मूळ शूटिंग माझ्या ऑफिसात, माझ्याच कपाटात होतं. पण माझ्या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरला त्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडताच येत नाही. घर आपलं, कुलूप दुसऱ्याचं.

रॉ म्हणजे काय? कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो. निम्मे ठिपके हिरवा, पाव लाल, पाव निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही युक्ती. पेटंट १९७६ चं. या ठिपक्यांपासून पूर्ण रंगीत चित्र नंतर तयार करावं लागतं. रॉ म्हणजे मळलेली कणीक. पोळी किती भाजायची ते तुमच्या हातात. ऊन जास्त वाटलं, रंग पिवळट वाटला, तर मूळ माहिती तिथंच असते. एकदा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढली की पोळी भाजून झाली.

आणि ही पोळी जड असते. हिशोब साधा आहे. ४०९६ गुणिले २१६० चा एक फ्रेम, तीन रंग, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे साधारण ५३ एमबी. सेकंदाला २४ फ्रेम धरले तर मिनिटाला ७६ जीबी. तेवढ्याच पिक्सेलचं रॉ, १२ बिटचं आणि आठास एक दाबलेलं, मिनिटाला अडीच जीबीच्या आत बसतं. बत्तीसपट फरक! ईएक्सआर दाबून ठेवली तरी फरक प्रचंडच राहतो. मोठ्या स्टुडिओला सर्व्हरची भिंत असते. आमच्याकडं चार हार्ड डिस्क, आणि अपलोड निम्म्यावर आलं की लाइट जाते.

कुणी म्हणेल, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ईएक्सआर काढ की. काढली होती ना! तीच तर गोष्ट आहे. आमच्या एका पोरानं रात्री दोन वाजता ती काढताना रंगाची एक सेटिंग चुकीची निवडली. तीन दिवस काम झाल्यावर मुंबईच्या लॅबमधून फोन, "सर, सगळे शॉट हिरवट आहेत." चूक आमचीच, मान्य. लॅबनं पुन्हा नव्यानं सगळं काढलं, आणि मग ती ट्रॅव्हल्सची डिकी. पोराचे तीन दिवस गेले ते गेलेच. त्याचे पैसे निर्माता देत नाही, सॉफ्टवेअरवालाही देत नाही. मी दिले. पुढच्या वेळी देऊ शकेन का, माहीत नाही.

आता दुसरी बाजू. या धंद्यातली जाणती माणसं म्हणतात, कंपोझिटरच्या हातात रॉ देऊच नये. दहा जण दहा पद्धतीनं उघडतील, दहा रंग येतील. लॅबनं एकदाच ईएक्सआर काढावी, सगळ्यांनी तीच वापरावी. मुद्दा खोटा नाही. ईएक्सआर हा उत्तम खुला फॉरमॅट आहे. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकनं तो बनवला आणि २००३ साली सगळ्यांना खुला केला. पण हा नियम ज्यांच्या दारात लॅब आहे त्यांच्यासाठी. आमच्याकडं लॅब रात्रभराच्या प्रवासावर आहे. रॉ थेट उघडावी, पण रंगाच्या सेटिंग मुख्य माणसानं ठरवून कुलूपबंद कराव्यात, म्हणजे दोन्ही साधतं. हे काही चंद्रावर जाणं नाही.

मग होत का नाही? कारण रॉ हा कंपन्यांच्या मालकीचा आखाडा आहे. रेडनं कॅमेऱ्यातल्या दाबलेल्या रॉवर पेटंट घेतलं. ॲपलनं त्याला आव्हान दिलं, २०१९ मध्ये ते टिकलं नाही. २०२२ मध्ये रेडनं निकॉनवर दावा ठोकला, २०२३ मध्ये तो मिटला, आणि २०२४ मध्ये निकॉननं रेड कंपनीच विकत घेतली! ॲपलचं प्रोरेस रॉ २०१८ मध्ये आलं. दाविंची रिझॉल्व्हमध्ये ते उघडायला २०२५ उजाडलं. सात वर्षं! कॅमेरेवाल्यांची फाइल वाचायची साधनं फुकट मिळतात, नाही असं नाही. पण ती घेऊन आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायची, दर नव्या कॅमेऱ्यागणिक सांभाळायची, हे काम चमकत नाही. जाहिरातीत नवं एआयचं बटण दाखवता येतं, "फाइल उघडते" हे दाखवता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात सरकारचा काय संबंध?

आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंगचं धोरण मंजूर केलं. आकडा ३,२६८ कोटींचा. मुंबईत केंद्राची नवी संस्थाही आली. आनंद आहे. पण माझं म्हणणं एवढंच:

एक, सरकारी पैशातून सॉफ्टवेअर घेताना कोणकोणत्या कॅमेऱ्याची रॉ थेट उघडते, हे निविदेत विचारा. मोठा गिऱ्हाईक विचारतो तेव्हाच कंपन्या ऐकतात. माझ्या ईमेलला कोण विचारतो?

दोन, ब्लेंडरसारख्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम करायला आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना पैसे द्या. एकदा झालं की जगाचं झालं, आणि आपलंही.

तीन, अनुदान मिळालेल्या सिनेमाची एक प्रत खुल्या फॉरमॅटमध्ये जमा करून घ्या. आजची रॉ तीस वर्षांनी कोणतं सॉफ्टवेअर उघडणार? कंपनी विकली गेली तर?

आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या माणसाला आपल्या यंत्राचा प्रत्येक स्क्रू माहीत होता. शंभर वर्षांनी त्याच गावात मी स्वतःच्याच कपाटातली फाइल उघडण्यासाठी ट्रॅव्हल्सची वाट बघतोय.

या धंद्यातले असाल तर तुमचा अनुभव खाली लिहा. आणि धोरण राबवणाऱ्यांपैकी कुणी ओळखीचं असेल, तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. बाकी काही नको.