शालेय ग्रंथपालाचा संगणक कोणासाठी?

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांतून पाहुणे बोलावले जातात, व्हरांड्यात पुस्तके मांडली जातात, मुले तासभर मांडी घालून वाचत बसतात आणि त्याची छायाचित्रे वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतात. गेल्या वर्षी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत असा पाहुणा होण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. भाषण यथातथाच झाले. कार्यक्रमानंतर ग्रंथालय पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा मुख्याध्यापक किंचित अडखळले. ग्रंथालयाच्या खोलीत संगणक होता, पण त्यावर भरतकाम केलेले कापड पांघरलेले होते. आणि ग्रंथपाल बाई तेथे नव्हत्या. त्या कार्यालयातील दुसऱ्या संगणकासमोर विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती भरत बसल्या होत्या. "बाईंना संगणक चांगला येतो ना, म्हणून," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांच्या स्वरात कौतुक होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

शालेय ग्रंथपाल नव्या तंत्रज्ञानाच्या बरोबरीने चालत नाहीत, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. प्राध्यापकांच्या खोलीत आम्हीही ती चहाबरोबर करीत आलो आहोत. महाविद्यालयात येणाऱ्या मुलांना तालिकेत पुस्तक शोधता येत नाही, संदर्भग्रंथ आणि क्रमिक पुस्तक यांतील भेद कळत नाही. मग दोष कोणाचा, तर शाळेतील ग्रंथपालाचा, असा सोपा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष किती उथळ होता, हे त्या दुपारी बाईंशी झालेल्या तासाभराच्या बोलण्यातून उमगले.

वस्तुतः ग्रंथपालनाइतका नव्या पद्धतींचे स्वागत करणारा व्यवसाय विरळा. मेल्व्हिल ड्यूई यांनी आपली दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ साली प्रसिद्ध केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या संस्थानात पाचारण केले आणि गावोगाव ग्रंथालये नेली. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून १९२४ मध्ये रुजू झालेले डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील अखेरचे सूत्र ग्रंथालयाला सजीवाप्रमाणे वाढणारी गोष्ट मानते. वाढणाऱ्याला बदलावे लागते, हे या व्यवसायाने संगणक येण्याच्या कितीतरी आधी गृहीत धरले होते.

बाई २००४ साली नोकरीला लागल्या. त्यांच्या ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र वर्गात तालिकापत्रे हाताने लिहायला शिकविली होती. शाळेत प्रथम आल्या त्या सीडी. ज्ञानकोश आता कपाटभर जागा अडविणार नाही, एका डबीत मावेल, असे विक्रेत्याने सांगितले होते. 'एन्कार्टा' हा तसा ज्ञानकोश २००९ साली बंदच झाला. सीडी अजून कपाटात आहेत, त्या लावण्याची सोय असलेले यंत्र शाळेत उरलेले नाही. शेजारच्या फळीवरचे मराठी विश्वकोशाचे खंड मात्र आजही उघडतात. त्यानंतर बाईंनी दाखल नोंदवहीतील पुस्तकांची यादी संगणकावर चढविण्यास घेतली. त्या काळी मराठी टंकासाठी जो तो आपापला फाँट वापरी; एकाचा मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येत नसे. युनिकोड प्रमाणक १९९१ पासून अस्तित्वात होते, पण तालुक्याच्या गावातील शाळेपर्यंत ते पोहोचायला बरीच वर्षे जावी लागली. जुना संगणक मोडीत निघाला, नवा आला आणि बाईंनी दोन वर्षे खपून केलेली यादी पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन उभी राहिली. "सर, त्या दिवशी मी घरी जाऊन कोणाला काही सांगितलं नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

तरीही त्या थांबल्या नाहीत. संगणकाचा अभ्यासक्रम त्यांनी स्वतःच्या पैशाने केला. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा बालभारतीच्या संकेतस्थळावरील पुस्तके उतरवून पालकांच्या फोनवर पाठविण्याचे काम त्यांनीच केले. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शोध कसा घ्यावा, हे त्या दहावीच्या मुलांना आपण होऊन दाखवीत. बाई अर्धवेळ ग्रंथपाल आहेत. शाळेची विद्यार्थिसंख्या पूर्णवेळ पदाच्या निकषात बसत नाही. इतक्या वर्षांत ग्रंथपाल म्हणून एकाही प्रशिक्षणासाठी त्यांना बोलावणे आले नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे गॅरी बेकर यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 'ह्यूमन कॅपिटल' या १९६४ च्या ग्रंथात त्यांनी कौशल्याकडे भांडवल म्हणून पाहिले. जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते त्याच्या शिक्षणाचा खर्च कामगार स्वतः सोसतो, कारण पुढे वाढलेल्या वेतनातून तो त्याला परत मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन. बाईंनी खर्च सोसला. परतावा काय मिळाला? वेतन तेच राहिले, पद अर्धवेळच राहिले, आणि संगणक येतो एवढ्या गुणावर त्यांची रवानगी कार्यालयात झाली. शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यार्थ्यांच्या नोंदी, यू-डायसची माहिती, सारे त्यांच्याकडे. शेजारच्या गावातील त्यांच्या एका व्यवसायबंधूने या अनुभवावरून धडा घेऊन आपल्याला संगणकातले काहीही कळत नाही असे जाहीर करून टाकले आहे आणि तो सुखाने पुस्तकांची देवघेव करतो आहे. त्याला आळशी म्हणावे की शहाणा? ज्या व्यवस्थेत शिकणाऱ्याला त्याच्या कामावरून उठविले जाते, तिच्यात न शिकणे हाच हिशेबी माणसाचा निर्णय ठरतो.

आता थोडा हिशेबच करू. या शाळेत सुमारे सहा हजार पुस्तके आहेत. एका पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, दाखल क्रमांक आणि वर्गांक संगणकात नोंदवून तपासण्यास पाच मिनिटे धरली, तर तीस हजार मिनिटे, म्हणजे पाचशे तास होतात. अर्धवेळ ग्रंथपालाला दिवसाचे तीन तास धरले तर हे काम १६७ दिवसांचे झाले. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाचे किमान २२० दिवस कामाचे ठरविले आहेत. त्यांतील तीन-चतुर्थांश दिवस एकाही मुलाला पुस्तक न देता, एकही वर्तमानपत्र न लावता बाईंनी नोंदणीच करीत राहावे, तेव्हा कोठे यादी पुरी होईल. आणि यासाठी लागणारी प्रणाली तर जवळजवळ फुकट मिळते! राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ साली तयार होऊन पुढे जगाला मुक्तपणे दिलेली 'कोहा' आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेटच. प्रणालीला पैसे पडत नाहीत. ती चालविणाऱ्या माणसाच्या तासांना पडतात, आणि नेमके तेच तास कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला पाच ते वीस हजार रुपये ठेवले आहेत, ते पुस्तकांसाठी. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके हवीत, असे म्हटले आहे. ग्रंथपाल हवा, असे म्हटलेले नाही. कपाट आपोआप पुस्तक देईल अशी कायदा करणाऱ्यांची समजूत असावी.

यंत्र आणले की काम सुधारते, ही समजूत कारखानदारांचीही एके काळी होती. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले. परंतु अमेरिकन कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेचा भरघोस लाभ दिसू लागला तो १९२० नंतरच्या दशकात. पॉल डेव्हिड या अर्थेतिहासकाराने १९९० साली याची कारणमीमांसा केली. प्रारंभी लोकांनी वाफेचे इंजिन काढून तेथे विजेची मोटर बसविली, एवढेच. तोच लांबलचक दांडा, तेच पट्टे, यंत्रांची तीच मांडणी. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन इमारत आणि कामाचा क्रम नव्याने आखला गेला, तेव्हा कोठे वीज फळली. आमच्या शाळांनी दाखल नोंदवहीच्या शेजारी संगणक ठेवला आणि नोंदवहीही चालूच ठेवली, कारण तपासणीस येणारे अधिकारी वहीच मागतात. एक काम दोनदा करावे लागले, याला आधुनिकीकरण म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, आता प्रत्येक घरात फोन आहे, त्यात सारे जगाचे ज्ञान आहे. शाळेच्या ग्रंथालयाची एवढी उठाठेव कशाला? हे म्हणणे वरकरणी पटण्यासारखे आहे, आणि ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत ते ते अधिक आवेशाने मांडतात. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखविले होते की माहिती मुबलक झाली की अवधान दुर्मीळ होते. दुर्मीळ वस्तूचे वाटप कसे करावे, हा तर अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न. बाईंनी सांगितलेला एक प्रसंग येथे देतो. नववीतील एक मुलगी सातारा जिल्ह्यातील जुन्या जलव्यवस्थेवरील एका पुस्तकाचे नाव घेऊन आली. प्रकल्पासाठी तिने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनाला प्रश्न विचारला होता. त्याने उत्तरासोबत पुस्तक, लेखक, प्रकाशनवर्ष असे सारे व्यवस्थित दिले होते. बाईंनी आपल्या कपाटात पाहिले, गावच्या वाचनालयात दूरध्वनी केला, डिजिटल ग्रंथालयात शोधले. त्या नावाचे पुस्तक कोठेच आढळले नाही, त्या लेखकाचे दुसरेही काही आढळले नाही. मग त्यांनी ही सारी शोधाशोध त्या मुलीच्या संपूर्ण वर्गाला फळ्यावर मांडून दाखविली: नाव कोठे तपासायचे, प्रकाशक खरा आहे की नाही कसे पाहायचे, उत्तर कितीही ठामपणे दिलेले असले तरी त्यामागचा आधार कसा मागायचा. वेळापत्रकात यासाठी तास नाही; एक शिक्षक रजेवर होते, त्यांचा तास मिळाला.

नवे तंत्रज्ञान शालेय ग्रंथपालाकडून मागते ते हे काम. ते कळ दाबण्याचे काम नव्हे, आणि ते कार्यालयात बसून होत नाही. महाविद्यालयातील ग्रंथपालाला पदोन्नतीसाठी उजळणी वर्ग करावे लागतात, आणि तेवढ्यासाठी त्याला रजा मिळते. शाळेतील ग्रंथपालाची गणना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत होते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला तो बसत नाही आणि लिपिकांच्या प्रशिक्षणात त्याला उपयोगाचे काही नसते. पहिली मागणी म्हणूनच साधी असावी: ग्रंथपालाचे तास ग्रंथालयातच खर्च व्हावेत, असा स्पष्ट आदेश निघावा आणि तपासणीत तो पाहिला जावा. दुसरे असे की प्रत्येक शाळेने तीच पुस्तके पुन्हा पुन्हा नोंदविण्याचे कारण नाही. एका तालुक्यातील शाळांची सामायिक तालिका झाली, तर एकाने केलेली नोंद पंधरा शाळांना उपयोगी पडेल आणि वरचा पाचशे तासांचा हिशेब कितीतरी खाली येईल. वर्षातून चार-पाच दिवसांचे प्रशिक्षण, तेही कामाच्या दिवसांत आणि सरकारच्या खर्चाने, हे त्यानंतरचे. आणि एकदा संगणकावरील नोंद ग्राह्य मानल्यावर वहीचा आग्रह अधिकाऱ्यांनी सोडावा. अर्धवेळ पदांचा प्रश्न याहून मोठा आहे, त्याला पैसा लागेल. या चार गोष्टींना फारसा लागत नाही.

निघताना बाईंनी एक विचारले. जुन्या फाँटमधील ती यादी त्यांनी एका पेनड्राइव्हवर अजून जपून ठेवली होती. तिचे काही होईल का? जुने फाँट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रणाली आज उपलब्ध आहेत. आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थी लागोपाठ तीन रविवार बसले. जोडाक्षरांचा बराच गोंधळ झाला, काही नोंदी कायमच्या गेल्या. पण अडीच हजारांहून अधिक पुस्तकांची नावे पुन्हा वाचता येऊ लागली. यादी बाईंकडे पोहोचली आहे. ती तपासायला त्यांना वेळ कधी मिळेल, हे मात्र शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपल्यावर कळेल.