निरोप पोचवणाऱ्यांची नोकरी

मैत्रिणींनो, कुरडयांचा चीक शिजवताना हात थांबवायचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नेमका त्याच वेळी ताईचा न्यू जर्सीहून फोन आला. आमची रविवारची सकाळ, तिची मध्यरात्र व्हायला आलेली. एवढ्या रात्री फोन म्हणजे काय झालं असेल, म्हणून मी पातेलं ह्यांच्या स्वाधीन केलं आणि फोन घेतला.

"तू मैथिलीला समजाव. माझं ऐकत नाही. एफ.बी.आय.त जायचं म्हणते!"

चीकात गाठी झाल्या हे वेगळं सांगत नाही.

मैथिली माझी भाची. जन्म तिकडचा, वय सव्वीस. डॉक्टर झाली नाही, इंजिनिअर झाली नाही, गुन्हेगारीशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकली आणि दोन वर्षं तिथल्या सरकारी वकिलांच्या कचेरीत नोकरी केली. आता तिला 'अटीवर नेमणूक' असं पत्र आलं होतं. ताईच्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या बंदुका नाचत होत्या, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

संध्याकाळी मैथिलीचाच फोन आला. म्हणाली, "मावशी, बंदूकबिंदूक काही नाही गं. मी अ‍ॅनालिस्ट. माझं काम लिएझाँचं."

आपल्याकडे 'लायझनिंग करतो' म्हटलं की मंत्रालयाच्या जिन्यात फायली घेऊन हिंडणारा, चहापाण्याची सोय पाहणारा गृहस्थ आठवतो. तेव्हा मी तिला म्हटलं, जरा नीट सांग. तिनं सांगितलं, मी वाचलं, आणि मुली अशाही नोकऱ्या करतात हे आपल्याला माहीत असावं म्हणून आज हा विषय घेतला.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय, एका महाराष्ट्राचं एक पोलीस दल, हे मुलांना पाठ असतं. अमेरिकेत तसं नाही. तिथे प्रत्येक शहराचे, गावाचे पोलीस निराळे. जिल्ह्याचा शेरीफ निराळा, आणि तो बहुतेक राज्यांत चक्क निवडणुकीला उभा राहून निवडून येतो. राज्याचे पोलीस आणखी वेगळे. अशी सगळी मिळून सुमारे १८ हजार दलं! त्यांच्यावर केंद्राच्या संस्था. पण 'वर' म्हणजे हुकूम सोडायला नव्हे. गावातला पोलीसप्रमुख एफ.बी.आय.चा नोकर नसतो. तो म्हणाला, आमच्याकडची माहिती देत नाही, तर गोडीनंच मागून घ्यावी लागते.

म्हणून मधे माणूस लागतो. दोन्हीकडची भाषा येणारा, दोघांचाही विश्वास असलेला.

असा माणूस नसला तर काय होतं, ते २००१ साली दिसलं. जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूरला अल् कायदाच्या काही लोकांची बैठक झाली. त्यांतल्या एकाच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे, हे सी.आय.ए.ला कळलं होतं. दुसरा विमानानं लॉस एंजेलिसला उतरला, हेही पुढे कळलं. हे दोघे सॅन दिएगोला राहिले, आणि एकाचं नाव तर तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीत छापलेलं होतं! पण ज्यांनी देशात त्यांना शोधायचं त्या एफ.बी.आय.पर्यंत ही गोष्ट धडपणे पोचली नाही. शोध सुरू झाला ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. ११ सप्टेंबरला पेंटॅगॉनवर आदळलेल्या विमानात ते दोघे होते. चौकशी आयोगाचा अहवाल २००४ साली आला, त्यात हे सारं आहे. कोणी फितूर नव्हतं, कोणी झोपलंही नव्हतं. कागद एका टेबलावर होता आणि माणूस दुसऱ्या. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

एकत्र बसायची पद्धत त्याआधीही होती. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये एफ.बी.आय.चे लोक आणि शहराचे पोलीस यांचं पहिलं संयुक्त दहशतवादविरोधी पथक निघालं. आज अशी सुमारे २०० आहेत. शिवाय राज्याराज्यांत ऐंशीच्या आसपास माहिती केंद्रं निघाली. तिथे राज्याचे, शहराचे आणि केंद्राचे लोक एका छपराखाली बसतात. मैथिलीला अशाच जागी बसायची इच्छा आहे.

दिवसभर करायचं काय? मी तिला विचारलं. कुठल्या गावात काय तक्रार आली ते वाचायचं, दुसऱ्या गावच्या तक्रारीशी जुळतं का पाहायचं, कोणाला कळवायचं ते ठरवायचं. आणि खरी कसोटी पुढेच. गुप्त माहिती गावच्या पोलिसाला जशीच्या तशी देता येत नाही, कारण त्याला ती पाहायची परवानगीच नसते. मग कोणी सांगितलं ते झाकायचं आणि काय सांगितलं तेवढंच, त्याला उपयोग होईल अशा बेतानं लिहून द्यायचं. फार झाकलं तर कागद निरुपयोगी, कमी झाकलं तर खबर देणाऱ्याचा जीव धोक्यात.

मैत्रिणींनो, मोठ्या कुटुंबात धाकट्या जावेचं बोलणं सासूबाईंच्या कानावर घालताना आपण वेगळं काय करतो? मैथिलीला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "मावशी, हेच मुलाखतीत सांगायला हवं होतं."

परदेशात हेच काम करणारे अधिकारी अमेरिकन वकिलातींत असतात. जगात साठांहून अधिक ठिकाणी त्यांच्या कचेऱ्या आहेत. एक दिल्लीला आहे. परक्या देशात त्यांना कोणाला पकडायचा अधिकार नसतो. यजमान देशाच्या पोलिसांना भेटायचं, विनंती करायची, कागद मिळवायचे. भारत आणि अमेरिका यांच्यात गुन्ह्यांच्या तपासात एकमेकांना मदत करण्याचा करार २००१ साली झाला आणि २००५ पासून लागू झाला. त्याचा उपयोग काय, हे आपल्या मुंबईनं पाहिलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मेलेल्यांत सहा अमेरिकनही होते. त्यांचे तपास अधिकारी मुंबईला आले आणि पुढे खास न्यायालयात त्यांची साक्षही झाली. हेडली शिकागोत पकडला गेला. २०१० साली आपले अधिकारी तिकडे जाऊन त्याला प्रश्न विचारून आले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यानं अमेरिकेतूनच व्हिडिओवर मुंबईच्या न्यायालयापुढे साक्ष दिली. तहव्वूर राणाला भारतात आणायला मात्र एप्रिल २०२५ उजाडला. त्या प्रत्येक तारखेच्या मागे किती पत्रं, किती फोन आणि किती वेळा 'आमच्या कायद्यात हे बसत नाही' झालं असेल, याची कल्पना करा.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली पोरं रात्री अमेरिकेतल्या लोकांना फोन करून 'आम्ही कर खात्याचे, पैसे भरा नाहीतर अटक' असं घाबरवत होती. लुबाडलेली माणसं तिकडे, लुबाडणारे इकडे. आता आपल्याकडच्याच म्हाताऱ्या माणसांना 'डिजिटल अरेस्ट'चे फोन येतात. तेव्हा हे दुव्याचं काम फक्त अमेरिकेचं आहे असं समजू नका.

बायकांना हे खातं पूर्वी उघडंच नव्हतं. १९२० च्या दशकात दोन-तीन बायका एजंट होत्या, पण हूव्हर साहेब आले आणि पुढे बायका एजंट झाल्या नाहीत. १९२४ पासून मे १९७२ मध्ये मरेपर्यंत ते प्रमुख होते. ते गेले आणि अडीच महिन्यांत, जुलै १९७२ मध्ये, दोन बायका प्रशिक्षणाला दाखल झाल्या. त्यांतली एक आधी जोगीण होती, दुसरी नौसैनिकांच्या दलातली. एजंट व्हायला वय तेवीस ते छत्तीस, पदवी, कामाचा अनुभव आणि धावणं, जोर-बैठका वगैरेंची परीक्षा लागते. पण त्या खात्यात पस्तीस हजारांच्या वर माणसं आहेत आणि त्यांत एजंट तेरा हजारांच्या आसपास. बाकीचे विश्लेषक, भाषातज्ज्ञ, हिशेबनीस, गुन्ह्याची झळ लागलेल्या कुटुंबांना धीर देणारे. अमेरिकेचं नागरिकत्व मात्र सगळ्यांना लागतं.

आता घरातल्या वादाकडे येते. बंदूक नाही म्हटल्यावर ताई निवळली असती. पण मग आला फॉर्म. छापला तर शंभरावर पानं होतात म्हणे. दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, कर्ज थकलंय का, कधी गांजा ओढलाय का (त्या राज्यानं परवानगी दिली असली तरी अर्जाआधीच्या वर्षात चालत नाही), आणि परदेशातल्या कोणाशी तुमचा जवळचा, मायेचा संबंध आहे. त्यांचं नाव, जन्मतारीख, पत्ता, नोकरी. ते सरकारी नोकर आहेत का. आणि परदेशात तुमची काही मालमत्ता आहे का किंवा पुढे मिळण्यासारखी आहे का.

आमचे हे पाटबंधारे खात्यात. "माझं नाव अमेरिकेच्या पोलिसांच्या कागदावर कशाला?" म्हणून दोन दिवस धुमसत होते. त्याहून अवघड गोष्ट आईची. आई वाईला असते. घरातल्या ताईच्या वाटणीच्या दोन खोल्या मैथिलीच्या नावानं कराव्यात, असं तिच्या मनात गेली दोन वर्षं आहे. ताईनं फोनवर तडकाफडकी सांगितलं, "आई, तिच्या नावावर काही करू नकोस, तिची नोकरी जाईल." आई नुसतं "बरं" म्हणाली. रात्री मला म्हणाली, "माझ्या घराचा पोरीला डाग लागतो का गं?"

मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मैथिलीला खरं काय ते विचारलं. तिनं जे सांगितलं ते मी त्यांच्या छापील नियमांशी ताडून पाहिलं. परदेशात आजी आहे, मावशी आहे, घर आहे, म्हणून कोणाला सरसकट काढत नाहीत. ते एवढंच तोलतात, की त्या नात्याच्या किंवा मालमत्तेच्या जोरावर कोणी हिला दबावाखाली आणू शकेल का. वाईतल्या दोन खोल्यांसाठी मुलगी फितूर होईल असं कोणी म्हणणार नाही. पण तिथे घर मिळणार हे ठाऊक असून लिहिलं नाही, तर मात्र खोटं बोलल्याचा ठपका येतो, आणि तो खरोखर नोकरी घालवतो. ताईचा सल्ला मायेचा होता, पण उलटा होता. आईनं आपल्या मनातली गोष्ट लपवावी हा उपाय नव्हताच, मैथिलीनं ती फॉर्ममध्ये लिहावी एवढंच हवं होतं.

ताईला हे मी सांगितलं तेव्हा ती थोडी चिडली. धाकटीनं शिकवावं हे कोणाला आवडतं! पण तिचं एक म्हणणं मला पटलं. ही नोकरी सुखाची नाही. चौकशी महिनोन् महिने चालते, खोटं पकडायच्या यंत्रापुढे बसवतात. आज काय केलंस, हे आईनं विचारलं तर सांगता येत नाही. आणि सरकारी पगार म्हणून निश्चिंती म्हणावी, तर २०१८ च्या डिसेंबरात अंदाजपत्रक अडलं तेव्हा ३५ दिवस हे लोक बिनपगारी कामावर होते. घरभाडं तर कोणी थांबवत नाही.

आपल्याकडच्या मुलींसाठी थोडं सांगते, कारण पत्रं येतील. इंटरपोलशी भारताचा दुवा म्हणजे सी.बी.आय. २००८ च्या हल्ल्यानंतर एन.आय.ए. निघाली. दोन्हींत उपनिरीक्षकाच्या जागा कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांच्या परीक्षेतून भरतात. राज्य पोलिसांतूनही प्रतिनियुक्तीवर जाता येतं. केंद्र-राज्याची गोडीगुलाबी इथेही लागते बरं का. महाराष्ट्रानं सी.बी.आय.ला दिलेली सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली होती आणि दोन वर्षांनी परत दिली.

गेल्या शनिवारी आम्ही सगळी फोनसमोर बसलो. ह्यांनी आपलं नाव, हुद्दा, कचेरीचा पत्ता स्वतः सावकाश अक्षरं सुटी करून सांगितला, वर "सेवानिवृत्ती अमुक साली, तेही लिही" म्हणाले. मग आईची पाळी. मैथिलीनं विचारलं, "आजी, तुझी जन्मतारीख?"

आई म्हणाली, "ज्या वर्षी कृष्णामाईचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढून देवळात शिरलं, त्या वर्षी आषाढात. पंचमी होती. साल तुझ्या पणजोबांना ठाऊक होतं."

मैथिली म्हणाली, "चालेल. 'अंदाजे' असा एक रकाना आहे. आणि आजी, त्या दोन खोल्यांपैकी कुठल्या गं? अंगणाकडच्या ना?"