फवारणीआधी पान उलटून पाहूया!

नीरा डाव्या कालव्यावर वाढणारा बारामती-इंदापूरचा ऊस आपण डोळ्यांत तेल घालून जपतो. त्याच उसाची राखण करणारा एक लहानसा करडा पतंग मात्र आपल्याच हातून मरतो आहे. त्याचं नाव डिफा. जपान, तैवान, चीनपासून आपल्या ईशान्य भारतापर्यंत तो आढळतो, आणि आपल्या फडांतही.

२००२ साल आठवा. सांगलीकडे लोकरी मावा ही उसावरची कीड दिसली आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरली. पानांखाली कापूस पिंजून ठेवल्यासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. वजन घटलं, उतारा घटला. औषधं मारायची तरी कशी? डोक्यावर गेलेल्या उसात माणूस शिरणंच कठीण!

तेव्हा डिफाची अळी कामी आली. ती माव्याच्या वस्तीतच रेशमी धाग्यांचं जाळं विणते, त्याच्या आडून मावा फस्त करत जाते आणि पुढे तिथेच कोष करते. आपल्या शेतकऱ्यांनी अळ्या असलेले पानांचे तुकडे एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन लावले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कारखान्यांनी शेडनेटमध्ये त्या वाढवल्या. हेक्टरी १००० अळ्या सोडण्याची शिफारस झाली. मायक्रोमस हा दुसरा मित्रकीटकही जोडीला होताच. एवढं मोठं संकट आवरण्यात या जिवांचा मोलाचा वाटा होता, हे आपण विसरता कामा नये.

आज मावा दिसला रे दिसला की आपला हात पंपाकडे जातो. जहाल औषधानं माव्याबरोबर डिफाही मरतो. मावा भराभर वाढून परत येतो, त्याला खाणारा मात्र उरलेला नसतो. पाचट पेटवलं की पानांवरचे कोषही जळतात.

हे थांबवणं आपल्या हातात आहे. ढगाळ, दमट हवा पडली की फडाच्या कडेची पानं उलटून पाहू. माव्यात जाळी दिसली तर फवारणी थांबवू आणि शेजाऱ्यालाही बोलावून दाखवू. त्याच्या उसात अळी नसेल तर आपली चार पानं त्याला देऊ. युरियाचा हात आखडता घेऊ, कारण नत्र जास्त झालं की मावा फोफावतो. पाचट कुजवू. शंका असेल तर पान घेऊन बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र गाठू. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या सभासदांनी आपापल्या शेतकी खात्याकडे डिफाच्या शेडनेटचा आग्रह धरावा. कारखाना आपलाच आहे. येत्या सर्वसाधारण सभेत उताऱ्याच्या आणि दराच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न विचारूया.