केस पेपरवर काय मोजावे?

गुडघ्याच्या झिजेची रुग्ण फिजिओथेरपीच्या ओपीडीत आली की केस पेपरवर दोन आकडे हमखास लिहिले जातात: वेदना दहापैकी किती आणि गुडघा किती अंश वाकतो. सहा आठवड्यांनी तेच दोन आकडे पुन्हा घेऊन उपचाराचा निकाल लावला जातो. दोन्ही नोंदी उपयोगाच्या आहेत. पण त्या बहुतेक वेळा निवडल्या जातात त्या गोनिओमीटर टेबलावर असतो म्हणून. रुग्ण अंश वाढवून घ्यायला आलेली नसते. तिला एसटीची पायरी चढायची असते, जमिनीवर बसून भाकरी थापायची असते, भारतीय पद्धतीच्या संडासात बसून उठायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या आयसीएफ आराखड्यात शरीराचे कार्य, कृती आणि सहभाग यांचा वेगवेगळा विचार केला आहे, आणि एकातली सुधारणा दुसऱ्यात आपोआप उतरते असे त्यात गृहीत धरलेले नाही. गुडघा ९५ अंशांवरून ११० वर आला तर खुर्चीतून उठणे सोपे होईल. पुरते उकिडवे बसायला मात्र साधारण १३० अंशांच्याही पुढे वाकावे लागते. कागदावर पंधरा अंशांची कमाई दिसते आणि घरातली अडचण जिथल्या तिथे राहते. म्हणून मापन निवडताना पहिला प्रश्न हवा तो या रुग्णाला नेमके काय करता येत नाही, हा. कोणते साधन हाताशी आहे, हे त्यानंतर बघावे.

यावर प्रमाणित प्रश्नावली वापरा, असे उत्तर मिळते आणि ते अर्धे बरोबर आहे. वोमॅकमध्ये २४ प्रश्न आहेत: ५ वेदनेचे, २ ताठरपणाचे, १७ कामांचे. जगभरच्या चाचण्यांत ती वापरली गेल्यामुळे आपले निकाल इतरांशी ताडून पाहता येतात. पण ती कॅनडात घडली. तिच्यात मोजे घालण्याबद्दल आणि बाथटबमध्ये उतरण्याबद्दल प्रश्न आहेत. मांडी घालून बसण्याबद्दल नाही. ज्या घरात टबच नाही तिथली रुग्ण उत्तर गाळते किंवा अंदाजाने देते, आणि एकूण गुणांचा अर्थ तेवढा सैल होतो. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने वोमॅकची भारतीय वापरासाठी बदललेली आवृत्ती तयार केली आणि ती आपल्याकडच्या अनेक चाचण्यांत वापरली गेली आहे. संशोधनाने ओळखलेली ही गरज रोजच्या ओपीडीत अजून पोहोचू नये, याची खंत वाटते.

बदललेली प्रश्नावलीसुद्धा प्रत्येकीची अडचण पकडू शकत नाही. तिथे १९९५ साली स्ट्रॅटफर्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली रुग्णसापेक्ष कार्यश्रेणी कामाला येते. रुग्णच तीन ते पाच कामे सांगते आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण देते. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे दुखण्याआधी जमायचे तसे. सरासरीत दोन गुणांपेक्षा कमी फरक हा मापनातला चढउतारही असू शकतो, एकाच कामासाठी ही मर्यादा तीन गुणांची आहे. अशा गुणांची दोन रुग्णांत तुलना करता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच तिच्या जोडीला ठरलेली प्रश्नावली हवी. पण समोर बसलेल्या रुग्णाचा उपचार ठरवताना तुलना तिची तिच्याशीच करायची असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. झिजलेल्या गुडघ्याला उकिडवे बसू नका असे आपणच सांगतो, मग तेच काम मोजायचे कशाला? कारण मोजणे म्हणजे ते काम करायला लावणे नव्हे. रुग्णाच्या घरी कमोड नसेल आणि बसवण्याची ऐपतही नसेल, तर आपला सल्ला दारातच थांबतो. त्या घरात ती रोज काय करते हे नोंदीत आले, तरच कमोडची खुर्ची सुचवायची, भिंतीला आधाराची दांडी लावायला सांगायची की मांडीच्या स्नायूंची ताकद वाढवण्यावर भर द्यायचा, हे ठरवता येते.

राहिला प्रश्न रुग्ण आपल्याला बरे वाटावे म्हणून ‘बरं आहे’ म्हणते याचा. केवळ सांगण्यावर विसंबू नये, हे मान्य. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वेदना कमी झाल्यामुळे रुग्णांनी स्वतः दिलेले गुण वाढतात, तर चालणे आणि जिने चढणे मोजल्यास शस्त्रक्रियेआधीपेक्षा मंदावलेले आढळते, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून एक प्रत्यक्ष चाचणी हवीच. तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, ही चाचणी अरुंद खोलीतही जमते. मात्र खुर्ची सुमारे ४३ सेंटिमीटर उंच, भिंतीला टेकवलेली हवी, हात छातीवर आडवे हवेत आणि प्रत्येक भेटीत तीच खुर्ची हवी. पहिल्या वेळी उंच खुर्ची आणि पुढच्या वेळी बुटके स्टूल घेतले, तर फरक रुग्णाचा की फर्निचरचा हे सांगता येणार नाही.

वेळ नाही, ही तक्रार गर्दीच्या ओपीडीत रास्त आहे. पण कामांची यादी घेणे आणि उठण्याची चाचणी मिळून काही मिनिटांचेच काम आहे, आणि पहिल्या भेटीत ते झाले की पुढे फक्त आकडे भरायचे असतात. चौथ्या आठवड्यात रुग्णाने निवडलेल्या कामांचे गुण जागचे हलले नसतील, तर तोच व्यायाम आणखी महिनाभर चालवण्याआधी उपचार बदलायला हवा, आणि तो का बदलला याचे कारण केस पेपरवरच लिहिलेले असेल.