जुनी सायकल आणि उलटे आटे

आमच्या वर्गात सध्या दोन पक्ष आहेत. एक हप्त्यावर गाडी घेतलेल्यांचा, दुसरा घेऊ इच्छिणाऱ्यांचा. गेल्या दिवाळीत मी जुनी सायकल घेतली तेव्हा दोन्ही पक्षांनी एकमताने माझी कीव केली. "अगं, थोडे थांबून स्कूटी तरी घ्यायचीस!" अशा हितचिंतकांना तोंडी उत्तरे देऊन मी थकले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोशीहून भोसरीला कॉलेजात यायचे म्हणजे सहा-सात किलोमीटर. बसची वाट पाहण्यात पहिला तास हमखास बुडतो. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझी एक गैरहजेरी लागली की आईला वाटते, पोरीचे शिक्षणच संपले. हप्त्याची गाडी आम्हाला झेपणारी नव्हती. अशात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली हायब्रीड सायकल विकायची आहे असे कळले. हायब्रीड म्हणजे शर्यतीची सायकल आणि डोंगरातली सायकल यांचा सुवर्णमध्य: सरळ हँडल, उंच पण बारीक चाके, 21 गिअर. 2020 च्या टाळेबंदीत कितीतरी लोकांनी हौसेने अशा सायकली घेतल्या आणि ऑफिसे उघडल्यावर खांबाला बांधून ठेवल्या. मालकाने साडेतीन हजार सांगितले.

जुनी सायकल घेताना रंग पाहू नये, हे माझे ठाम मत आहे. कारण मी तेवढाच पाहिला होता. बाकीचे पाहिले अप्पांनी. अप्पा भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. त्यांनी आधी फ्रेमच्या जोडांवरून, विशेषतः हँडलखालच्या जोडावरून नख फिरवले. "इथे तडा असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नये." मग चाक उचलून फिरवले आणि ब्रेकच्या रबरापाशी रिम किती डोलते ते पाहिले. शेवटी खिशातून पोलादी पट्टी निघाली. साखळीच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोवीस घरे बरोबर 12 इंचांत बसायला हवीत. ती अर्धा सूत जास्त भरली. अशी ताणलेली साखळी पुढे दातेही खाते. तिथल्या तिथे सातशे रुपये कमी झाले.

एका दुकानदाराने मात्र पाहताक्षणी सांगितले, "गिअरचा सगळा सेट बदला, बावीसशे होतील." अप्पा जन्मात गिअरच्या सायकलीवर बसलेले नाहीत. रविवारी त्यांनी सायकल अंगणात उलटी ठेवली आणि मागच्या गिअरपाशी डोके घातले. तिथे दोन बारीक स्क्रू असतात. एक साखळीला सर्वांत लहान चक्राच्या बाहेर पडू देत नाही, दुसरा तिला मोठ्या चक्रावरून तारांत शिरू देत नाही. अप्पा म्हणाले, "हे तर लेथचे स्टॉपर!" गंजलेली केबल बदलली, आणि तिचा ताण जुळवायची फिरकी थोडी थोडी फिरवत साखळीची टकटक थांबवली. मी तोवर डावे पेडल काढायला झटत होते. पाना घसरून हाताची साल निघाली, पण पेडल हलेना. अप्पांनी पाना उलट्या दिशेने फिरवला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पाय मारताना ते आपोआप सुटू नये म्हणून!

चाकांचा आउट मात्र मिस्त्रींकडून काढून घेतला. तारा कमीजास्त ताणणे येरागबाळ्याचे काम नव्हे. साखळी, केबल, रबरे, ग्रीस आणि मजुरी धरून नऊशे रुपये झाले.

गेल्या वर्षी प्रवेशअर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'नोकरी' असे मोघम लिहिले होते. यंदा 'लेथ ऑपरेटर' लिहिले.

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा सायकल कारखाना 2020 साली बंद पडला, तोही नेमका 3 जूनला, जागतिक सायकलदिनी. इकडे चाकणला मोटारी बनतात आणि त्या बनवणाऱ्यांच्या मुलांना सायकल स्टँडवर लावायची लाज वाटते. सायकल ही गरिबी संपली की टाकून देण्याची वस्तू, असे कुणी शिकवले आपल्याला? अर्थात मी आंधळी भक्त नाही. 21 गिअरपैकी मी पाचच वापरते. आमच्या सपाट रस्त्याला एवढे लागतातच कशाला? आणि नाशिक रस्त्यावर कंटेनर शेजारून गेला की जीव मुठीत येतो. म्हणून मी आतल्या रस्त्याने येते, डोक्यावर हेल्मेट असते आणि संध्याकाळी मागे लाल दिवा लावते. सायकलीला वेगळी वाट मिळेपर्यंत हे सोसायलाच हवे.

वाट महापालिकेने करायची. कॉलेजला मात्र तीन गोष्टी सहज करता येतील: सायकल स्टँडवर पत्रा, एक चांगला पंप, आणि पान्यांची एक पेटी. पंक्चर आणि ब्रेक मी कुणालाही शिकवीन. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून तयार आहे. सह्या करायच्या असतील त्यांनी मधल्या सुट्टीत स्टँडवर यावे.