पडद्यावर न आलेला बाजार

कळमन्याच्या बाजार समितीत दिवसभर पोती वाहणारा हमाल रात्री दूरचित्रवाणीसमोर बसतो, तेव्हा त्याला दिसतात दागिन्यांनी मढलेल्या सासवा-सुना. त्या घरात पैसा कोठून येतो, हे मालिका सांगत नाही. अर्थशास्त्रालाही अवगत नसलेली ही किमया!

चित्रपटाने अधिक प्रामाणिकपणा दाखविला, हे मान्य केले पाहिजे. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मधील (२००९) शेजाऱ्याच्या आत्महत्येनंतर नवऱ्यावर पाळत ठेवणारी बायको विदर्भाला परकी वाटली नाही. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मध्ये (२०२२) तर खुद्द नागपूरची झोपडपट्टी आली. त्यात अमिताभ बच्चन यांच्या भाषणापेक्षा पारपत्राच्या कागदांसाठी वणवण करणारी आदिवासी मुलगी व तिचा बाप अधिक बोलून जातात.

तरीही एक उणीव राहतेच. पाऊस न पडल्याने बुडणारा शेतकरी पडद्यावर आला; पीक भरघोस येऊन भाव कोसळल्याने बुडणारा आला नाही. पावसाला जाब विचारता येत नाही. अडत्याला आणि सरकारला विचारता येतो, आणि अडचण नेमकी तेथेच असावी. कळमन्यात संत्र्याच्या ढिगापाशी बोली लागत असताना मागे मुकाट उभा असलेला बागाईतदार या दोन्ही चित्रपटांत नाही.