संतांचे भांडण आणि आपले समाधान

संतकाव्य म्हणजे समाधानाची शिकवण, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. दुष्काळ असो वा बेकारी, देवाने ठेवले त्या स्थितीत संतुष्ट असावे, या आशयाचा तुकोबांचा एक अभंग हटकून ऐकविला जातो. ऐकविणारा बहुधा पोटभर जेवलेला असतो.

वस्तुतः गाथेतील सुमारे साडेचार हजार अभंगांपैकी कित्येक या समजुतीला छेद देणारे आहेत. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती, दुकान होते. १६३० च्या सुमारास दख्खनवर दुष्काळ कोसळला. त्यात पत्नी अन्नावाचून गेली, पैसा आटला, मान गेला. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. खते बुडाली, पण हिशेबाची भाषा बुडाली नाही. ऋण, भांडवल, वाटा हे शब्द त्यांच्या अभंगांत वारंवार भेटतात. देवाकडे ते आपले येणे मागतात, त्याला निष्ठुर ठरवितात; एका अभंगात तर आपल्यापुरता देव मेला, असे सांगून मोकळे होतात.

ही नास्तिकता नव्हे. ज्याच्याकडे आपले येणे आहे अशी खात्री असते, त्याच्याच दाराशी माणूस धरणे धरतो. परक्याशी असे कोणी भांडत नाही. जनाबाई विठोबाला शिव्या देते, त्या घरच्या माणसाला द्याव्या तशा. देवळाबाहेर राहावे लागलेल्या चोखोबांचा मुलगा कर्ममेळा आपल्या हीन लेखलेल्या जन्माचा जाब थेट देवाला विचारतो. विशेष म्हणजे वारकऱ्यांनी हे अभंग पाखंड म्हणून टाकले नाहीत. भक्ती म्हणूनच जपले.

शांतीचे अभंग गाथेत नाहीत, असे नव्हे. तथापि ती शांती झगडून मिळविलेली आहे. ती दुसऱ्याला उसनी देता येत नाही. म्हणून वर्गात तुकोबा शिकविताना भांडणाचे अभंगही विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजेत. नोकरीसाठी खेटे घालणाऱ्या तरुणाला आपली अस्वस्थता हे पाप वाटू नये, एवढे तरी त्यातून साधेल. भुकेल्याला समाधानाचा उपदेश करणे सोपे आहे. पण तो तुकोबांचा वारसा नव्हे.